शिबिरात आईला ताई म्हणायचं

माझे आईवडील दर मे महिन्यात दहा दिवस माझे नसत. ते दादा आणि ताई होत.

वडील पनवेलच्या एका शाळेत पीटीचे शिक्षक होते, आई दुसऱ्या शाळेत प्राथमिकच्या वर्गावर. एप्रिलमध्ये पेपर तपासून झाले की आमच्या दोन खोल्यांचं गोदाम व्हायचं. मोठी पातेली, ताडपत्र्या, लेझीमच्या गोण्या, दोरखंड, कंदील, औषधांची पत्र्याची पेटी. माझा पलंगही त्या सामानाखाली जायचा आणि मी महिनाभर स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचे. मग एका सकाळी हे सगळं टेम्पोत चढायचं आणि आम्ही ओवे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका आमराईत जायचो. तेव्हा खारघरचे टॉवर नव्हते. आंब्याची जुनी झाडं, एक पायऱ्यांची विहीर, एक कौलारू शेड, आणि वाडीच्या मालकांचं घर. गावातलं मोठं शेतकरी कुटुंब होतं ते. वडिलांवर त्यांचा लोभ होता, कारण त्यांचा मुलगा वडिलांच्या हाताखाली कबड्डी शिकला होता.

मुलं मुंबईहून यायची, पुण्याहून यायची, पनवेल-उरणमधलीही असायची. पहाटे शिट्टी, मग प्रार्थना, सूर्यनमस्कार, विहिरीवर आंघोळ, नाचणीची पेज. आपलं ताट आपण राखेने घासायचं. दुपारी गोष्टी, संध्याकाळी लगोरी आणि आट्यापाट्या. पालक आपल्या मुलांना आमच्या ताब्यात देताना असे हात जोडायचे, जसे देवळाच्या दारात जोडतात. दहा दिवसांनी घ्यायला आले की म्हणायचे, "घरी पाणीसुद्धा हातात लागतं याला. तुम्ही काय जादू करता हो?"

वडिलांची जादू मला घरी रोज दिसायची. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. मुलांचं काही चुकलं की ते जेवायचे नाहीत. मुलं पंगतीला बसायची आणि दादा समोर नुसते हात मागे बांधून उभे राहायचे. "चूक तुमची नाही, मी शिकवायला कमी पडलो," एवढंच म्हणायचे. पाच मिनिटांत पंगतीतली मुलं रडायला लागायची. ज्याने आंबे चोरले तो उठून कबूल करायचा, दादांचे पाय धरायचा, आणि मोठेपणी हीच गोष्ट तो लोकांना डोळे पुसत सांगायचा. ही मुलं दहा दिवसांत एकदा रडून घरी जायची. आमच्या घरी ही शिक्षा वर्षभर असायची. सहावीत गणितात मला कमी मार्क पडले तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आई त्यांच्यासाठी ताट वाढायची, ते झाकून ठेवायची, मग ते माझ्यासमोरून उचलून न्यायची. त्यांनी मला एक चापट मारली असती तर मी ती कधीच विसरून गेले असते.

मी पहिल्यांदा शिबिरार्थी म्हणून गेले तेव्हा आठ वर्षांची होते. त्याआधी मी नुसतीच सोबत असायचे, सामानासारखी. आदल्या दिवशी बाबांनी मला समोर बसवलं.

"उद्यापासून तू इतर मुलांसारखी. तिथे आम्ही सगळ्यांचे दादा आणि ताई. तुझेही. काय?"

"आई म्हणायचं नाही?"

"नाही. तिथे साठ मुलं आपली आई सोडून आलेली असतात. तू आई म्हणालीस तर त्यांना काय वाटेल?"

मी आईकडे पाहिलं. ती कंदिलाच्या काचा पुसत होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं, तिला हे पटत असणार.

पहिल्या दिवशी माझी दोनदा चूक झाली. दोन्ही वेळा आई वळलीच नाही. तिसऱ्यांदा मी "ताई" म्हणाले आणि तिने लगेच "काय गं?" म्हणून पाहिलं. मला ते जमलं याचा तिला आनंद झाला होता, असं मला दिसलं. त्यानंतर मी चुकले नाही.

त्याच वर्षी माझ्या गटात दादरची एक मुलगी होती. माझ्याच वयाची, दोन घट्ट वेण्या, नखं कुरतडायची सवय. तिला मी इथे दादरची म्हणेन. ती कुणाशी फारशी बोलायची नाही, पण आईच्या मागे मागे असायची. आई पातेलं उचलायला गेली की ही दुसरा कान धरायची. आई तिला म्हणायची, "अगं, जड आहे." पण धरू द्यायची. तिच्या घरी तेव्हा आईवडील वेगळे होत होते आणि ती कुणाकडे राहणार यावर भांडण चाललं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आईला तेव्हाच माहीत होतं.

एका दुपारी आम्ही चुलीसाठी काटक्या गोळा करायला डोंगराच्या बाजूला गेलो. बरोबर आई होती आणि सात-आठ मुली. कुणाचा तरी पाय एका वाळक्या झुडपात पडला आणि गांधीलमाश्या उठल्या. सगळ्या पळाल्या. मी आणि दादरची मागे सापडलो. मला डोळ्याच्या खाली, मानेवर, हातांवर चावल्या. तिलाही तशाच. आई ओरडत परत आली, डोक्यावरचा पदर सोडून माश्या झटकत. तिने आधी आम्हा दोघींना त्या झुडपापासून ओढून लांब नेलं. मग दादरचीला कडेवर घेतलं. आठ वर्षांच्या मुलीला. आणि मला म्हणाली, "तू चालत ये."

ती भराभर खाली निघाली. दादरचीचं तोंड तिच्या खांद्यावर होतं आणि ती मागे माझ्याकडे बघत होती. माझा एक डोळा मिटत चालला होता. दगडांवरून मी त्या दोघींच्या मागे चालत आले. आईने वाटेत वळून पाहिलं नाही. हे मी नंतर कितीतरी वेळा मनात पडताळून पाहिलं आहे. वळून पाहिलं नाही.

शेडमध्ये पोचले तेव्हा औषधांची पेटी उघडलेली होती आणि आई दादरचीच्या मानेवर काहीतरी चोळत होती. मुलांचा घोळका भोवती होता. मी बाहेर ओट्यावर बसले. वाडीच्या मालकीणबाई तिथून जात होत्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं, मला हाताला धरून आपल्या पडवीत नेलं आणि ओला चुना लावायला लागल्या. चुना लावताना म्हणाल्या, "बाय, तुजी आय कुठं हाय गो?"

मी म्हणाले, "आई नाही आली. ताई आहेत, तिकडे."

त्या थांबल्या. त्या मला ओळखत होत्या, मी दर वर्षीच तिथे असायचे. शेडकडे पाहून त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते मला कळलं नाही. मग त्यांनी मला गूळ-खोबरं दिलं आणि म्हणाल्या, "खा. आनि ऱ्हा हितंच जरा. कोन नाय बोलनार तुला." संध्याकाळी प्रार्थनेच्या शिट्टीपर्यंत मी तिथेच होते. मला शोधायला कुणी आलं नाही.

रात्रीच्या पंगतीत बाबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. म्हणाले, "हिला इतक्या माश्या चावल्या, पण ही रडली नाही. चालत आली." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खूप मोठेपणी कुठेतरी वाचलं की लहान मुलाला टाळ्या वाजवल्या की ते काहीही सहन करतं. कुणी लिहिलं होतं ते आठवत नाही. त्याला माझ्या बाबांनी शिकवलं असावं.

पुढची सात वर्षं मी शिबिराला गेले. माझा वाढदिवस मे महिन्यातला. शिबिरात तो त्या दहा दिवसांत ज्यांचे ज्यांचे असतील त्या सगळ्यांबरोबर एकत्र व्हायचा, एका ओळीत उभं राहून, हातावर एकेक रव्याचा लाडू. तो लाडू आई सगळ्यांना सारख्याच हाताने द्यायची. दादरची दर वर्षी यायची. नववीत ती गटप्रमुख झाली, कॉलेजात गेल्यावर छोटी ताई. तिला लेझीम माझ्यापेक्षा चांगलं यायचं, गोष्टी चांगल्या सांगता यायच्या. ती आली की आईचा चेहरा बदलायचा. तो चेहरा घरी कसा आणता येईल याचा मी खूप विचार केला आहे. मी घर झाडायचे, भाकरी करायला शिकले, मराठीत पहिली आले. आई म्हणायची, "छान." मग परत वह्या तपासायला लागायची.

दहावीनंतर मी बाबांना म्हणाले, "मी यंदा येणार नाही."

"का?"

"मला नाही आवडत."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी जेवले. त्यांच्यासमोर बसून पोटभर जेवले, दोनदा आमटी मागून घेतली. ते उठून बाहेर गेले. आईने माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "असं करू नये गं." कुणी काय करू नये, ते मी विचारलं नाही. त्या मे महिन्यात मी मावशीकडे ठाण्याला गेले आणि नंतर शिबिराच्या वाटेला गेले नाही.

शिबिर मात्र चालत राहिलं. माझं लग्न झालं, नोकरी लागली, मुलगी झाली, नवीन पनवेलमध्ये आम्ही फ्लॅट घेतला. आईवडील जुन्या पनवेलमध्ये त्याच दोन खोल्यांत. दोघंही निवृत्त झाली तरी मे महिन्यात टेम्पो यायचा. मग आमराई गेली. आधी तिच्या पलीकडची शेतं गेली, मग रस्ता आला, मग डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारती. बाबा मालकांच्या मुलाला भेटायला गेले, तोच कबड्डीवाला. आता त्याच्या दारात दोन मोठ्या गाड्या होत्या आणि तो स्वतः बिल्डर झाला होता. मी बाबांना सोडायला गेले होते म्हणून बोलणं ऐकलं. तो बाबांच्या पाया पडला, खुर्ची दिली, सरबत आणायला सांगितलं.

"सर, तुमी बोलाल ते करीन. पन जागा आता नाय ऱ्हायली. भावांचं पन हाय ना त्यात."

"एक मे महिना," बाबा म्हणाले. "शेवटचा."

"झाडं तोडायला सुरुवात झालीय, सर."

मी बाबांना घरी सोडलं. ते जेवले नाहीत. पण या वेळी समोर रडायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईने मला फोन केला, "दादांनी काल दुपारपासून काही खाल्लं नाही. तू ये." मी गेले. त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाले, "बाबा, बिल्डरला याने काही फरक पडणार नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती झाडं तोडली. मग जेवले.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. हृदयविकाराचा झटका, सकाळी फिरून आल्यावर.

शोकसभा एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवली. इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. मुंबईहून, पुण्याहून, एक जण तर बंगळूरहून. पांढरे होत चाललेल्या केसांचे पुरुष माइकसमोर उभे राहून ओक्साबोक्शी रडले. "माझ्या वडिलांनी मला जन्म दिला, पण दादांनी मला माणूस केलं." "दादा माझ्यासाठी एक दिवस उपाशी राहिले होते. ती भूक मी अजून फेडतोय." प्रत्येकाकडे एक उपवास होता. माझ्याकडे किती होते ते मी मोजायला घेतलं नाही. मी मागे उभी राहून चहाचे कप भरत होते. आयोजकांपैकी कुणीतरी माइकवर म्हणालं, "दादांच्या कन्या आपल्यात आहेत. त्यासुद्धा काही वर्षं शिबिरात होत्या. त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी पुढे गेले, सगळे आल्याबद्दल आभार मानले आणि चहा घेऊन जा म्हणाले. लोकांना माझा संयम फार आवडला.

दादरची समोर आईच्या शेजारी बसली होती. सभा संपल्यावर तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रांगेने येणारे लोक त्या दोघींना नमस्कार करून जात होते. उशिरा आलेल्या एका बाईंनी जाताना मला विचारलं, "ताईंची मुलगी फारच हळवी आहे नाही? तुम्ही कोण?"

आई माझ्याकडे राहायला आली. आमच्या फ्लॅटमध्ये तिला वेगळी खोली दिली, खिडकीतून गाढी नदी दिसायची. ती कशाचीच तक्रार करायची नाही. स्वतःचं ताट स्वतः घासायची. कामाला येणारी बाई म्हणायची, "आजी, मी कशाला हाये मग?" पहाटे उठून चादरीची घडी करून बसून राहायची. माझ्या मुलीला गोष्टी सांगायची, तेवढ्या वेळेपुरता तिचा आवाज बदलायचा. मी खोलीत गेले की गोष्ट थांबायची. मी दोघींना म्हणायचे, "चालू द्या." पण मग चालू राहायची नाही.

फेब्रुवारीत दादरची आली. ती आता दादरची राहिली नव्हती. नवरा-बायकोने नोकऱ्या सोडून उरणच्या बाजूला, चिरनेरच्या अलीकडे, डोंगराला लागून वाडी घेतली होती. तिथे तिला शिबिर सुरू करायचं होतं. तसंच, जसं होतं तसं. फक्त बाथरूम पक्के, पाणी फिल्टरचं, आणि पालकांच्या ग्रुपवर रोज चार फोटो.

"ताई, तुम्हाला काही करायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं तिथे बसायला या. मुलांना कळायला हवं की हे कुठून आलंय."

"मी येते," आई म्हणाली. तिने विचार केला नाही, माझ्याकडे पाहिलं नाही.

चहा झाल्यावर मी दादरचीला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. ती म्हणाली, "तुला राग नाही ना आला? तू नशीबवान आहेस गं. आम्हाला त्या दहाच दिवस मिळायच्या, तुला वर्षभर." ती हे मनापासून बोलली. वाईट माणूस असती तर मला किती सोपं गेलं असतं. लिफ्ट आली, ती गेली.

एप्रिलच्या शेवटी आई बॅग भरायला बसली. सुती साड्या, चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या. मी पलंगावर बसले होते. माझी मुलगी बाहेर स्वतःची बॅग भरत होती, कारण तीही आजीबरोबर जाणार होती. तिने हट्ट धरला होता आणि मला नाही म्हणायला कारण सापडलं नव्हतं.

मी विचारलं, "आई, गांधीलमाश्या आठवतात तुला?"

"कुठल्या?"

"आमराईत. तू आता जिच्याकडे निघालीयस, तिला कडेवर घेऊन गेलीस. मला म्हणालीस, चालत ये."

तिने साडीची घडी मोडून परत घातली. मला वाटलं, ती नाही म्हणेल. म्हातारी माणसं सोयीने विसरतात.

"आठवतंय," ती म्हणाली. "तिची आई नव्हती तिथे."

"माझी होती?"

आईने चष्म्याचं घर बॅगेत ठेवलं. मग म्हणाली, "तू चालू शकत होतीस."

एवढंच. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला.

शिबिराच्या मध्ये एका रविवारी पालकांना भेटायला बोलावलं होतं. आमच्या वेळी असं काही नसायचं. आता पालक दहा दिवस धीर धरत नाहीत. मी एकटीच गेले. वाडी छान होती, ते मान्य करायला हवं. नवीन लावलेली आंब्याची झाडं अजून कमरेएवढी होती, पण एक मोठं फणसाचं झाड होतं आणि त्याखाली आई खुर्चीत बसली होती. भोवती दहा-बारा मुलं. माझी मुलगी धावत आली, पण माझ्याकडे नाही. ती सगळ्यांमधून वाट काढत गेली आणि आईच्या मांडीत जवळपास पडली. "आजी, माझ्या पायात काटा गेलाय."

"बघू," आई म्हणाली. तिने चष्मा वर केला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि सगळ्या मुलांसमोर, त्यांना थांबवून, तो काटा काढला. बाकीची मुलं आपली वाट बघत उभी राहिली. कुणाला काही वाटलं नाही. एका मुलाने विचारलं, "ताई, ही तुमची खरी नात आहे?" आई म्हणाली, "हो, खरी."

मी तिथेच उभी होते. मुलं पांगल्यावर तिच्या शेजारच्या बाकावर बसले.

"इथे आजी म्हटलेलं चालतं वाटतं."

"न चालायला काय झालं?"

"नियम होता ना."

"तो दादांचा होता."

बाबांना ती माझ्याशी बोलतानाही दादाच म्हणायची, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा खटकलं.

"आणि तू?" मी विचारलं. "तुला तो पटला होता?"

"नव्हता."

"मग पाळलास का?"

ती समोर बघत होती. दादरची मुलांना आट्यापाट्यांची पाटी आखून देत होती, चुन्याने, सरळ रेषेत.

"खरं सांगू?" आई म्हणाली. "मला ते सोपं वाटायचं. साठ मुलांची ताई होणं सोपं असतं. त्यांना आपल्यातलं जेवढं चांगलं तेवढंच दिसतं. आणि दहा दिवसांनी त्यांच्या आया येऊन त्यांना घेऊन जातात. तुला कोण घेऊन जाणार होतं? तू वर्षभर माझ्याकडे बघत असायचीस. माझं काय कमी पडतंय ते तुला दिसायचं. त्या दहा दिवसांत मला तेवढी सुट्टी मिळायची."

ती हे रागाने बोलली नाही. माफीही मागितली नाही. खूप दिवस दुखणारा दात कुठला ते डॉक्टरला दाखवावा, तसं तिने ते दाखवलं. मला वाटायचं की असं काही कानावर पडलं की आतून काहीतरी मोकळं होईल. गोष्टींत तसंच होतं. मला फक्त उन्हाचा त्रास व्हायला लागला. मी सावलीत सरकून बसले. तीही सरकली, मला जागा द्यायला, आणि आमच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा झाली.

"जेवून जा," ती म्हणाली. "आज पुरणपोळी आहे."

"मला निघायला हवं," मी म्हणाले.

निघताना दादरचीने मला मिठी मारली. माझ्या मुलीने लांबूनच हात हलवला. जेएनपीटीच्या कंटेनरांच्या रांगेत माझी गाडी अडकली. पुढच्या कंटेनरच्या मागे कुणीतरी चुन्याने मोठं काहीतरी लिहिलं होतं आणि ते पुसलं गेलं होतं. मी ते वाचायचा प्रयत्न करत राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मला भूक लागली होती. पळस्प्याजवळ थांबून मी वडापाव खाल्ला, दोन खाल्ले.

शिबिर संपलं तेव्हा माझी मुलगी परत आली, आई आली नाही. दादरचीचा फोन आला, "ताई म्हणतायत, पावसाळाभर इथेच राहते. तुझी हरकत नाही ना?" मी म्हणाले, "त्यांना हवं तसं." मी माझ्याच आईला फोनवर 'त्यांना' म्हणाले, हे माझ्या नवऱ्याने ऐकलं. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

आता दुसरं वर्ष सुरू आहे. आई तिकडेच असते. दिवाळीत दोन दिवस आली होती, भाऊबिजेला मामाकडे जाऊन तशीच परत गेली. तिची तब्येत सुधारली आहे, वजन वाढलं आहे, फोटोत ती हसताना दिसते. ते फोटो मला पालकांच्या ग्रुपवर दिसतात, कारण मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलेले नाही. माझी मुलगी तिच्याशी दर रविवारी तासभर बोलते. शेवटी फोन माझ्या हातात येतो. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." मग आम्ही दोघी थोडा वेळ फोन धरून ठेवतो, पलीकडे मुलं ओरडत असतात, आणि कुणीतरी "ताई" म्हणून हाक मारतं.

"जा, बोलावतायत तुला," मी म्हणते.

तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिकडे मिळत नाहीत. त्या मी दर महिन्याला पनवेलच्या दुकानातून घेते आणि उरणला रोज जाणाऱ्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याकडे देते. त्या तिला संध्याकाळपर्यंत मिळतात. तू स्वतः घेऊन ये, असं ती मला कधी म्हणत नाही. आणि मी घेऊन येते, असं मीही म्हणत नाही.